कंपनीचा पिवळा

मास्तरांना नुसतं ‘पिवळा’ म्हटलेलं चालत नसे. कुठला पिवळा? लिंबाचा, हळदीचा, केळीच्या सालीचा, की तीच साल चार दिवस पडून राहिल्यावर होतो तो? मी नोकरीला लागले त्या पहिल्या सकाळी त्यांनी माझ्यासमोर कापडाच्या दोन पट्ट्या ठेवल्या आणि म्हणाले, “बग आनि सांग.” मी म्हटलं, दोन्ही सेम आहेत. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. पट्ट्या उचलून त्यांनी उत्तरेच्या खिडकीपाशी नेल्या, तिथल्या पांढऱ्या फळीवर शेजारी शेजारी टेकवल्या आणि स्वतः बाजूला सरकले. पाचेक मिनिटांनी मला दिसलं की उजवी पट्टी किंचित हिरवट मारतेय. तसं मी सांगितलं.

“मंग हाय तुला डोळा,” ते म्हणाले. “आता ती लाल ओढणी काढून बाहेर ठेव. भिंतीला लाल लागतंय.”

आमची कंपनी कापडाला लागणारे रंग बनवते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत अशा बऱ्याच आहेत. आमची मुख्यतः पिवळ्याची. बॅच निघाली की तिच्यातल्या चिमूटभर रंगात कापडाची पट्टी रंगवायची आणि कपाटात जपून ठेवलेल्या मूळ नमुन्याशी ताडून बघायची. जुळली तर माल जातो, नाही तर परत प्लांटमध्ये. हे जुळवणं मास्तरांच्या हातात होतं. आकडे देणारं मशीनही होतं, पण आकडा बघून झाला की मॅनेजरसुद्धा मास्तरांच्या तोंडाकडे बघायचे.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. कंपनीत ते कुणी घेतही नसे. दहावी झाल्यावर गोण्या भरायच्या कामावर लागलेला माणूस. एकदा म्हणे गोणी भरता भरता ते थांबले आणि म्हणाले, हा माल कालच्यासारखा नाय. कुणी लक्ष दिलं नाही. पुढे तो सगळा माल परत आला आणि मास्तर लॅबमध्ये आले. ही गोष्ट मला कंपनीतल्या प्रत्येकाने एकेकदा सांगितली, फक्त मास्तरांनी सांगितली नाही.

मी बी.एस्सी. होऊन तिथे लागले होते. बाबा वीजकेंद्रात, त्यामुळे मी तिथल्या कॉलनीत वाढले आणि इंग्रजी शाळेत शिकले. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण बाहेरच्या माणसाशी बोलायची वेळ आली की वाक्य माझ्या डोक्यात आधी इंग्रजीत येतं, मग त्याचं मराठी होतं, आणि तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. म्हणून मी फारशी बोलतच नाही. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “अडुसष्ट म्हंजे किती?” मी मनात मोजत राहिले. “ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले, “रंगाला आकडा लागत नाय.”

त्यांच्या लॅबमध्ये माझं बरं जमलं, कारण तिथे बोलायला बंदीच होती. रंगाची शेड बघताना कुणी तोंड उघडायचं नाही. बघायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी उपडी ठेवायची. सगळ्यांचं झालं की चिठ्ठ्या उलटायच्या. “मी आधी लाल म्हनलो ना,” ते सांगत, “तर तुला पन लालच दिसनार. तुझा दोष नाय. माणूस कानाने बगतो.” दोन चिठ्ठ्या जुळल्याशिवाय बॅच सुटत नसे. नाही जुळल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. प्लांटवाले शिव्या घालायचे, ट्रक दारात उभे राहायचे, पण हा नियम मॅनेजरनाही मोडता आला नव्हता.

सकाळी साडेनऊ ते अकरा एवढाच वेळ ते रंग बघायचे. अकराच्या आधी चहा नाही. एक पिवळा बघून झाला की दुसरा बघण्याआधी करड्या भिंतीकडे तोंड करून वीसपर्यंत मोजायचे. अकरानंतर कुणी पट्टी घेऊन आलं की म्हणायचे, “आता मी नुसता माणूस हाय. उद्या ये.” माणसांनाही ते बॅचसारखंच तपासत. मॅनेजर सकाळी ब्राइट, दुपारनंतर डल. गोरखपूरचा ऑपरेटर होता, तो पक्का रंग, कितीही धुतला तरी तसाच. माझ्याबद्दल ते कुणाला तरी सांगत होते ते मी दाराआडून ऐकलं: “पोरगी फिकी नाय. चढायला टाईम लागतो.”

आणि मास्तर स्वतः पिवळे होते. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पिवळ्या लाईनवर काम करणारे सगळेच थोडे पिवळे होतात. तळहात, नखं, मानेच्या घड्या. दोन दिवस सुट्टी झाली की बराचसा उतरतो. पण मास्तर लॅबमध्ये असूनही नमुना आणायला रोज स्वतः प्लांटमध्ये जात, पिंपात हात घालून रंग बोटांत चोळून बघत, आणि हे त्यांनी तीस वर्षं केलं होतं. कपाळाच्या आठ्यांत, कानाच्या पाळीमागे, टाचांच्या भेगांत, सगळीकडे तो बसला होता. वर कपडे कायम पांढरे. घाम आला की शर्टाची कॉलर पिवळी व्हायची. सफाळ्याच्या पुढे, दातिवऱ्याच्या वाटेवर त्यांची चिकू-नारळाची वाडी आहे. तिथे त्यांचे कपडे वाळत घालायला वेगळी तार होती, उशीचे अभ्रे वेगळे, साबण वेगळा. लग्नाकार्यात बायका त्यांच्या बायकोला चिडवायच्या, “काकी, नवऱ्याची हळद अजून उतरली नाय का?” एकदा एका नव्या कामगाराने त्यांना विचारलं की तुम्हाला कावीळ आहे का. सगळा प्लांट हसला. मास्तर तळहात पुढे करून अभिमानाने म्हणाले, “हा कंपनीचा पिवळा हाय.”

त्यांच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा त्यांनी ते पित्तावर घातलं आणि महिनाभर आमसुलाचं पाणी पीत राहिले. एक दिवस लॅबमध्येच उजव्या बरगडीखाली हात दाबून खाली बसले. पालघरला सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे होते. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पिशवी काढली, पोटाला चार भोकं पडली. आठव्या दिवशी दाखवायला गेले तेव्हा सगळं ठीक होतं. डॉक्टरांनी महिन्याने यायला सांगितलं, आणि तोवर हलकंच काम करायचं असंही सांगितलं. मास्तरांच्या मते बघणं हे हलकं काम होतं. बाराव्या दिवशी ते लॅबमध्ये हजर झाले.

येताना त्यांनी खडे आणले होते. नमुन्याच्या काचेच्या बाटलीत घातलेले, वर लेबल: ‘पित्ताचे खडे. एकूण नऊ. माल पूर्ण.’ खिडकीपाशी फळीवर त्यांनी ते मांडले आणि सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. ऑपरेटर म्हणाला, “राम राम, मास्टरजी, ये भी हमसे मैच करवाओगे?” पण त्यानेही लिहिलं. मी लिहिलं होतं, तपकिरी, डल. मास्तरांची चिठ्ठी: जुना गूळ, लाल मारतो. “डॉक्टरला विचारलं, रंग कुठला म्हनून,” ते म्हणाले. “तो म्हनतो, काका, रंगाचं काय करायचंय? येवढा शिकलेला माणूस.”

खाज तेव्हाच सुरू झाली होती. टाक्यांवर लावलेल्या चिकटपट्ट्या काढल्यावर खाली चार लाल चौकोन उठले होते, आणि मास्तर शर्टावरून ते चोळत बसायचे. ऑपरेशननंतर अशी खाज बहुतेकांना येते, हे मला नंतर कळलं. आमच्याकडे मात्र ऑपरेशनशिवायही खाज सगळ्यांना असते. ऑपरेटर म्हणाला, “यहाँ खुजली किसको नहीं है, मास्टरजी?” आणि स्वतःची कोपरं दाखवली. कंपनीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने गुलाबी मलम आणि एक गोळी दिली. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, खोबरेल तेलात कापूर घालून दिला.

मास्तरांचं समाधान होईना. खाज कशाने येते ते त्यांना शोधायचं होतं. डाव्या हातावर त्यांनी बॉलपेनने पाच चौकोन आखले. एकात चिकटपट्टी लावली, एकात जंतुनाशक, एकात साबण, एकात तेल, आणि एक कोरा ठेवला. लॅबच्या वहीत रोज नोंद. तिसऱ्या दिवशी चिकटपट्टीचा चौकोन तेवढा लाल झाला. “गावला!” ते मला म्हणाले. “पट्टीचा गोंद. लिही.” मी लिहिलं. पोटावरचे लाल चौकोनही आठवड्यात गेले.

त्यांचा प्रयोग बरोबर होता. पण खाज दोन होत्या.

दुसरी तळहातांना आणि तळपायांना होती. तिथे काही दिसायचं नाही, पुरळ नाही, लाली नाही. मास्तर टेबलाखाली चपला काढून बसायचे आणि घरून आणलेल्या काथ्याच्या पायपुसण्यावर तळवे घासायचे. बघताना, लिहिताना, फोनवर बोलताना तो खर्र खर्र आवाज सतत चालू. पाठीला पोचायला कॉलरमधून स्टीलची पट्टी आत घालायचे. रात्री तर झोपच नव्हती. काकी ओल्या फडक्याने पाय पुसत बसायच्या. “गोंद आत उतरलाय,” मास्तर म्हणाले. “उतरंल हळूहळू खाली.” त्यांच्यासारख्या माणसाने असं बोलावं याचं मला नवल वाटलं. पण न झोपलेल्या माणसाला काहीही पटतं.

त्याच दिवसांत आमच्या चिठ्ठ्या जुळेनाशा झाल्या. एका बॅचला मी ‘हिरवट’ लिहिलं, त्यांनी ‘बरोबर’. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि आणखी एक बॅच आली तिचंही तेच. तीन बॅचेस अडकल्या. प्लांटमधून फोनवर फोन. मशीनचे आकडे माझ्या बाजूने होते, पण मी ते बोलले नाही. मास्तर करड्या भिंतीकडे तोंड करून वीस मोजायचे, परत यायचे, परत बघायचे, आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, “बाय, तुझा डोळा थकला काय गं?”

मी “असेल” म्हणायचे.

अशाच एका सकाळी, साडेनऊला, ते खिडकीपाशी पट्टीवर वाकले होते आणि मी शेजारी उभी होते. त्यांनी मान वर केली. उजेड समोरून डोळ्यांत पडला, आणि मला त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसला. तो पांढरा नव्हता.

मला वाटलं, बाहेर कुठलं तरी पिवळं पिंप असेल, त्याची झाक असेल. बाहेर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ऑपरेटरचे डोळे बघितले, लाईनवर काम करणाऱ्या आणखी दोघांचे बघितले. हात पिवळे, मान पिवळी, डोळे पांढरे. रंगाची पूड कातडीत बसते, डोळ्यात गेली तर पाण्याबरोबर वाहून जाते. तिथे ती राहत नाही. मास्तरांचे डोळे मात्र आदल्या दिवसापेक्षा गडद होते.

म्हणजे मला कळलं होतं. त्याच दुपारी फोनवर वाचूनही झालं होतं: ऑपरेशननंतर एखादा खडा नळीत राहून गेला तर पित्त अडतं, रक्तात उतरतं, तळव्यांना खाज सुटते, डोळे पिवळे होतात, वेळेत काढला नाही तर जीवावर बेतू शकतं. हे सगळं वाचून मी फोन पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी बसमध्ये बसून मी त्यांच्यासाठी मेसेज लिहिला, इंग्रजीत, कारण इंग्रजीत असलं काही सांगणं मला सोपं जातं. मग आठवलं की त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पुसला. मराठीत लिहिला तर तो फार उद्धट दिसायला लागला. तोही पुसला. ज्या माणसाच्या डोळ्याविरुद्ध मी तीन बॅचेस अडवून ठेवल्या होत्या, त्याला मी सांगणार होते की तुमचे डोळे बिघडलेत.

तिसऱ्या दिवशीही मी काही बोलले नाही. त्यांचे तळवे घासून घासून सोलवटले होते. डबा त्यांनी न उघडताच परत नेला.

चौथ्या सकाळी त्यांनी त्याच तीन पट्ट्या मांडल्या. मी माझ्या चिठ्ठीवर तीन ओळी लिहिल्या, तिन्ही ‘हिरवट’. मग खाली चौथी ओळ लिहिली: ‘मास्तरांचे डोळे. पांढऱ्याऐवजी पिवळे. कंपनीचा नाही. परवापेक्षा जास्त.’ आणि चिठ्ठी उपडी ठेवली.

त्यांनी उलटली, वाचली. पायांचा आवाज थांबला.

“कुठल्या उजेडात बगितलंस?”

“इथेच. उत्तरेच्या.”

“किती वाजता?”

“साडेनऊ.”

“किती दिवस?”

मी बोटं वर केली, तीन.

“तीन दिवस दाबून बसलीस?” ते म्हणाले. “शाब्बास. एवढी तर आमची तिजोरी पन गप नसते.” पण चिठ्ठी त्यांनी फेकली नाही. खिशात घातली आणि दार उघडून हाका मारल्या. मॅनेजर आले, कंपाउंडर आला, ऑपरेटर आला. मास्तर खिडकीखाली स्टुलावर बसले, चष्मा काढला, डोळे ताणून वर बघत म्हणाले, “एकेक जन या. बगा. बोलू नका. लिवा.”

कंपनीत इतकी वर्षं एकत्र काढलेली माणसं एकेक करून वाकली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून गेली. कुणी चेष्टा केली नाही. मग मास्तरांनी चिठ्ठ्या उलटल्या. कंपाउंडरची: पिवळे. मॅनेजरांची इंग्रजीत होती, मी वाचून दाखवली: पिवळे. ऑपरेटरची हिंदीत: ‘पीला. हमारे चाचा का ऐसा ही था.’

“चाचा कसा हाय आता?” मास्तरांनी विचारलं.

ऑपरेटरने आपली चिठ्ठी उचलून मुठीत चुरगळली.

“बरं,” मास्तर म्हणाले आणि उठले.

मॅनेजरांनी कंपनीची जीप दिली. बरोबर कुणी जायचं यावर कुणी काही बोलायच्या आत मास्तर मला म्हणाले, “चल. तू बगितलंस, तूच सांग डॉक्टरला. मला नाय जमनार.” जीपमध्ये पाय ठेवता ठेवता ते मॅनेजरांकडे वळले. “त्या तीन बॅचेस परत घ्या. पोरीची चिठ्ठी बरोबर हाय.” एवढं बोलून त्यांनी दार ओढून घेतलं.

पालघरपर्यंत ते तळवे जीपच्या रबरी चटईवर घासत होते. मध्येच म्हणाले, “काकीला आता फोन करू नको. ती आधी कावीळ उतरवायला नेईल.” आमच्या भागात कावीळ उतरवणारी माणसं आहेत, ती अंगावरून हात फिरवतात, मग चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरली असं मानतात. “मी एकदा गेलेलो पुतन्याला घेऊन,” मास्तर सांगत होते. “बाईने हात धुतले. पानी काय सुरेख पिवळं झालं, बाय! मी हळूच विचारलं, कुठल्या झाडाची साल हाताला लावली? ती घाबरली. मी म्हनलो, सांगनार नाय कोनाला, पन शेड झकास हाय.”

“मग पुतण्या?”

“त्याला नेला सरकारी दवाखान्यात. पन बाईला मी पाच नारळ दिले. रंगाचे.”

डॉक्टरांनी खालची पापणी ओढली, मास्तरांचे हात बघितले आणि म्हणाले, “हे कधीपासून?” मास्तर सवयीने म्हणाले, “हात कंपनीचे.” मग त्यांनी माझ्याकडे मान केली. मी सांगितलं. वाक्यं तुटक झाली, अर्धी इंग्रजीत गेली, पण सांगितलं: खाज कुठे, कधीपासून, डोळे कधी. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. पित्ताच्या नळीत एक खडा अडकून बसला होता. “जखमेभोवती खाजलं तर समजण्यासारखं आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण तळहात-तळपाय खाजले की लगेच यायचं. ताप येऊन आत पू झाला असता तर अवघड होतं. दोन-तीन दिवस आधी आला असतात तर बरं.” हे ते मास्तरांना म्हणाले. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, मुद्दाम.

संध्याकाळी त्यांना वसईच्या पलीकडे मोठ्या इस्पितळात हलवलं. तोंडातून दुर्बीण घालून खडा मोकळा केला. तो आतड्यात सोडून दिला, बाहेर काढला नाही, यावरून मास्तरांनी तिथल्या डॉक्टरांशी वाद घातला. बाटलीवरचा आकडा चुकत होता. आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली: डोळे पिवळे झाले म्हणून रंग चुकीचा दिसत होता का? डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं, झोप नाही म्हणून होत असेल. मी स्टुलावर बसले होते. मास्तरांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. “मंग माझाच डोळा चुकला,” ते म्हणाले. त्यांना पित्ताला दोष देता आला असता तर बरं वाटलं असतं.

खाज दोन-चार दिवसांत कमी होत गेली. मी तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा ते गाढ झोपले होते, पाय पांघरुणाबाहेर, स्थिर. काकी पायथ्याशी बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होते. त्यांनी मला शेजारी बसवलं. मग त्या झोपलेल्या माणसाकडे बघूनच म्हणाल्या, “मी रोज बगत होते ना गं. सकाळी, संध्याकाळी. अभ्रे मीच धुते. बनियन मीच धुते. पिवळा, पिवळा, पिवळा. मला वाटलं, हाय तोच हाय.”

“मीपण तीन दिवस गप्प होते, काकी,” मी म्हटलं.

“तू परकी,” त्या म्हणाल्या. “तुजं समजन्यासारखं हाय.”

मास्तर कामावर परत आले नाहीत. काकींनी येऊ दिलं नाही. लॅबमध्ये आता मी आणि नवीन आलेली एक मुलगी चिठ्ठ्या लिहितो. दोन-अडीच महिन्यांनी मी वाडीवर गेले तेव्हा मास्तर ओळखू येईनात. कातडीतला पिवळा निघून गेला होता. गव्हाळ, उन्हाने रापलेला, कुणीही असावा असा माणूस चिकूच्या झाडाखाली पाटी घेऊन उभा. फक्त नखांच्या कडांना थोडा राहिला होता. त्यांना स्वतःलाच अवघडल्यासारखं होत होतं. हात मागे घेऊन बोलत होते.

त्यांनी हसत हसत तक्रार केली की रोज सकाळी काकी त्यांना अंगणात उभं करतात, पापण्या ओढून दोन्ही डोळे बघतात, आणि मगच चहा देतात. एक दिवस चुकत नाही. पाहुणे असले तरी. डॉक्टरांनी आता काही नाही म्हणून लिहून दिलं आहे. तो कागद काकींनी देवाजवळ ठेवला आहे आणि डोळे बघणं चालूच आहे.

मागच्या महिन्यात सकाळी सातला काकींचा फोन आला. “बाय, मला आज त्यांचे डोळे कसेतरीच वाटतात. मी तीनदा बगितले. मला समजेना झालंय.” त्यांनी फोटो पाठवते म्हटलं. फोटोत रंग कळत नाही, मी म्हटलं, मी येते. कंपनीत सुट्टी कळवली, सफाळ्याला उतरले, रिक्षा केली. साडेआठच्या आत मी त्यांच्या अंगणात होते. मास्तर पायरीवर बसले होते, चहाशिवाय, जरा चिडलेले. काकी खांबाला धरून उभ्या.

मी त्यांचा चेहरा आभाळाकडे वळवला आणि बघितलं. एका डोळ्यात धूळ जाऊन बारीक लाल शीर उठली होती. बाकी काही नाही.

“पांढरे आहेत,” मी म्हटलं. “स्वच्छ पांढरे, काकी.”

“मी पहाटेपासून सांगतोय हिला,” मास्तर म्हणाले.

“तुमचं कोन ऐकतंय,” काकी म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. दारातून चूल दिसत होती. त्यांनी पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, साखरेचा डबा उघडला, आणि चमच्यामागून चमचा साखर घालत राहिल्या. मास्तर उठले, आत गेले, त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला आणि म्हणाले, “तू बस. मी करतो.” मग मला ओरडून विचारलं की मला साखर किती लागते.